पोट आत ओढून दिलेलं माप

४ ऑगस्ट

झिपरे,

आशीर्वाद आहेतच, दर वेळी लिहीत बसत नाही. तुझा तक्ता पोचला. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यात तुझा बाप मध्येच बोलतो, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून हातात कात्री जास्त, पेन कमी.

तक्ता दुकानात आरशाशेजारी टाचणीने लावलाय. चार वर्षं, आठ सत्रं, लाल चौकोन दगडांचे, निळे चौकोन इतिहासाचे. दिसायला झकास. गिऱ्हाइकं विचारतात, हा कसला नमुना? मी सांगते, नातीचा आहे, कॉलेजात दोन मुख्य विषय एकदम घेतलेत, एकात दगड आणि दुसऱ्यात मेलेली माणसं. जिवंत असं काही शिकवत नाहीत का गं तिथे?

आता ऐक. आपले जाडे वकील ठाऊक आहेत ना? माप देताना पोट असं आत ओढतात की टेप घसरून खाली येते. मी म्हणते, वकीलसाहेब, सोडा. ते म्हणतात, सोडलंय. गेल्या आठवड्यात त्यांची पँट भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर उठून उभं राहताना मागून गेली. मागे फाइल धरून सगळा युक्तिवाद केला आणि खटला जिंकले म्हणे. पँट माझ्याकडे आलीय. तुझा तक्ता बघून मला तीच आठवली. एकही चौकोन रिकामा नाही. आजारी पडलीस तर? एखाद्या विषयात गटांगळी खाल्लीस तर? आणि पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहितेस, मधलं एक सत्र परदेशात शिकायला जायचंय. ते कुठे घालणार? वकिलांच्या खिशात?

इतिहास सोडून दे. मेलेली माणसं कुठे पळून जात नाहीत.

तुझी आजी

१३ ऑगस्ट

आजी,

तुला नमस्कार, वकिलांच्या पँटला सहानुभूती. तुझं पत्र मी खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती पलंगावरून पडता पडता राहिली.

इतिहास सुटणार नाही. का ते एकदाच सांगते, मग हवं तेवढं चिडव. एखादा जुना पूल असतो, जुनं कोर्ट असतं. त्याचा दगड कुठल्या खाणीतून आला, कुणी वाहून आणला, मध्येच त्याचा रंग का बदलला, हे मला शोधायचंय. आमच्या दगडवाल्या सरांना माणसांशी देणंघेणं नाही आणि इतिहासवाल्या मॅडमना दगड म्हणजे ठेच लागायची वस्तू वाटते. म्हणून दोन्ही विषय. आणि परदेशात एक विद्यापीठ असं आहे जिथे ही दोन्ही माणसं एका टेबलाशी बसून शिकवतात. म्हणून तिकडे.

पण तक्त्याबद्दल तू म्हणालीस तेच सल्लागार बाई म्हणाल्या. कुणी कुठला विषय कधी घ्यावा हे बघायला आमच्याकडे या बाई आहेत. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं तोलूनमापून. त्यांनी तक्ता सुलटा धरला, उलटा धरला आणि विचारलं, तू झोपणार कधी? मग आम्ही सगळं उसवलं. दगडांचे अवघड विषय आणि प्रयोगशाळा याच वर्षी उरकायची. सगळ्यांनाच सक्तीचे असतात ते किरकोळ विषय मागे ठेवायचे आणि तिकडे करायचे, कारण ते कुठेही केले तरी धरले जातात. तिकडे आणखी काय शिकणार त्याला आधीच दोन्ही विभागांची मान्यता घ्यायची, नाहीतर परत आल्यावर म्हणतात, हे आमच्यात बसत नाही. एकच गोष्ट काही केल्या हलत नाही, ती म्हणजे दगडांचं फिरतीचं काम. डोंगरात तंबू ठोकून राहायचं असतं. ते तिसऱ्या वर्षी जानेवारीनंतरच असतं आणि ते केल्याशिवाय दगड हा मुख्य विषय होत नाही. म्हणून परदेश त्याच्या आधी, पुढच्या ऑगस्टात.

नवा तक्ता सोबत आहे. ऑगस्टच्या सत्रातले पांढरे चौकोन बघ.

गुडघा कसा आहे? खरं सांग.

तुझी झिपरी

२१ ऑगस्ट

झिपरे,

हा तक्ता बरा आहे, यात माणूस मावतं. जुना काढून हा लावला. जुन्या कागदाचा कॉलरचा नमुना कापला, चांगला जाड होता.

दगड कुठून आला हे बघायला इतकं लांब जायचं हे मला पटलंय असं समजू नकोस. पण काल वकिलांची पँट पोचवायला गेले तेव्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर जरा टेकले होते, आणि बघते तर काय, खालच्या पायऱ्या काळ्या आणि वरच्या पिवळट. लग्न झाल्यापासून त्या रस्त्याने जाते-येते, कधी दिसलं नव्हतं. आता रोज दिसतं आणि उगाच डोक्यात राहतं. ही तुझी करणी. शिकून आलीस की सांग, असं का केलंय ते.

गुडघा आहे जागेवर. दोन दिलेत, एक रुसला तर दुसरा आहे. तुझ्या आत्याचा फोन आला तर हवापाण्याचं बोल आणि ठेवून दे. तिच्या पोटात काही राहत नाही, आणि बाहेर येतं ते मीठमसाला लावून.

पुढच्या ऑगस्टात खुशाल जा. माझाही ऑगस्ट आता मोकळा आहे.

तुझी आजी

१२ सप्टेंबर

प्रिय आजी,

छान बातमी आहे. सगळं जुळलं. फक्त एक छोटा बदल. ऑगस्टऐवजी मी त्याच्या पुढच्या जानेवारीत परदेशी जाईन. तेच बरं पडेल असं सल्लागार बाईंचं म्हणणं पडलं. फिरतीचं काम हुकेल, त्यामुळे दगड मुख्य विषय राहणार नाही, नुसता जोडविषय होईल. त्यात काही बिघडत नाही. तंबूत मला कुठे झोप लागली असती? इतिहास आहेच, आणि तो फार छान विषय आहे.

पुढच्या ऑगस्टात मी महिना-दोन महिने घरीच येऊन राहीन म्हणते. हजेरीचं बघता येईल. दुकानात तुला मदत होईल.

मी मजेत आहे. खरंच खूप मजेत आहे.

तुझी झिपरी

१८ सप्टेंबर

सल्लागार बाईंना नमस्कार.

मी झिपरीची आजी. तुमच्याकडे तिचं नाव वेगळं असेल, केसांवरून ओळखा. मी शिवणकाम करते, जुने कपडे उसवून बेताचे करून देते. कॉलेज मी बाहेरून पाहिलंय, तेव्हा माझं काही चुकलं तर तसं सांगा, पण गोल गोल उत्तर देऊ नका.

तुम्ही माझ्या नातीचं ऑगस्ट काढून जानेवारी का केलंत? पोरगी दगडांसाठी जीव टाकते. आणि आता मला लिहिते की नुसता इतिहासही छान आहे. ही तीच मुलगी, लहानपणी हिच्या खिशातून दगड काढल्याशिवाय मला तिचे कपडे धुवायला टाकता येत नव्हते.

दुसरं सांगते, ते तुमच्यापाशीच ठेवा. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय. पुढचा ऑगस्ट ठरला होता. नातीचा तक्ता आला, त्यात तिचा परदेशाचा ऑगस्ट पाहिला. तिला कळलं असतं तर ती जागची हलली नसती. म्हणून मी तिला न सांगता डॉक्टरकडे जाऊन ते त्याच्या पुढच्या जानेवारीवर ढकललं. म्हटलं, ती जाऊन येईल, मग मी कापून घेईन. आणि तुम्ही तिला नेमकी त्याच जानेवारीत पाठवताय. मी इकडे सरकले तर तुम्ही तिला इकडेच सरकवलंत. माझं होईल काहीतरी. पण तिचे दगड का काढून घेतलेत ते सांगा.

झिपरीची आजी

२६ सप्टेंबर

आदरणीय आजी,

आपलं पत्र मिळालं. माझ्या नोकरीत मला इतकं सरळ पत्र आजवर आलेलं नाही.

ऑगस्टचं जानेवारी मी केलं नाही. नातीने स्वतः येऊन ते मागितलं. मी तिला स्पष्ट सांगितलं की यात तुझा एक मुख्य विषय जाईल. तिने मान खाली घालून ‘घरचं कारण’ एवढंच सांगितलं. जाताना मात्र दारात थांबून म्हणाली, आत्याचा फोन आला होता, पुढच्या ऑगस्टात आजीपाशी कुणीतरी हवं.

म्हणजे आपण तिच्यासाठी जानेवारीत सरकलात आणि ती आपल्यासाठी जानेवारीत सरकली, आणि एकमेकींना दोघींनीही सांगितलं नाही. आपण ते माझ्यापाशी ठेवायला सांगितलंत, ते ठेवते. पण मी आपल्या जागी असते तर ठेवलं नसतं.

तिच्या अर्जावर मी अजून सही केलेली नाही. हसत हसत विषय सोडणाऱ्या मुलांचे अर्ज मी थोडे दिवस तसेच ठेवते. ऑक्टोबर संपेपर्यंत ती मन बदलू शकते.

जाता जाता एक विचारते, राग मानू नका. माझ्या एका कोटाच्या बाह्या लांब आहेत. त्या आखूड करून मिळतील का?

आपली,
सल्लागार

३० सप्टेंबर

झिपरे,

तुझ्या बाईंना मी पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तर आलं. आता बस खाली आणि वाच.

तू मला खोटं लिहिलंस. मीही तुला लिहिलं. फरक इतकाच की मी आयुष्यभर टाके आतल्या बाजूला लपवत आलेय, तुझे सगळे वरूनच दिसतात. ‘खरंच खूप मजेत’ असं मजेत असलेलं माणूस लिहीत नाही.

ऑपरेशन पुढच्या ऑगस्टात होतं, तुझ्यासाठी मी ते पुढे जानेवारीत नेलं, आणि तू माझ्यासाठी तुझं जाणं त्याच जानेवारीत नेलंस. दोघींनी एका दारातून एकदम घुसावं आणि दोघींनी खांदे अडकवून घ्यावेत, तशी गत झाली. तुझा बाप हे ऐकून पोट धरधरून हसला. त्याला जेवायला वाढलं नाही.

आता निमूटपणे बाईंकडे जा आणि ऑगस्ट परत माग. माझ्या गुडघ्यासाठी तू दगड सोडलेस हे मला चालणार नाही. उद्या रोज माझ्याकडे बघताना तुला तो सोडलेला विषय दिसेल. मला कुणाच्या डोक्यावरचा उपकार होऊन बसायचं नाही, या वयात तर मुळीच नाही. मी माझं जानेवारीत बघून घेईन. तेव्हा तू डोंगरात तंबूत असशील, असू दे. काठी हातात द्यायला शेजारपाजार आहे.

बाईंना सांग, कोट पाठवा. बाह्यांचं माप हात सैल सोडून घ्यायचं.

आजी

७ ऑक्टोबर

आजी,

वाचलं, बसूनच वाचलं. आता तू बस.

आत्याला मी परत फोन केला आणि या वेळी हवापाण्याचं एक अक्षर बोलले नाही. ती म्हणाली, डॉक्टर गेल्या मे महिन्यातच म्हणाले होते की आता उशीर करू नका. पुढच्या ऑगस्टची तारीख त्यांनी दिली नव्हती, तू मागितली होतीस. मग माझं निमित्त सापडलं, तेव्हा आणखी पुढची मागितलीस. त्यानंतर काय, माझी पदवी? माझं लग्न? वकील पोट आत ओढतात आणि तू गुडघा आत ओढतेस.

मला डिसेंबरात सुट्टी आहे. या डिसेंबरात, येत्या. आपण दोघी पुढच्या वर्षाचे चौकोन इकडून तिकडे ढकलत बसलो आणि या वर्षाकडे कुणी बघितलंच नाही. मी तेव्हा घरीच असणार आहे. माझी सुट्टी संपली की आत्या रजा घेऊन येते म्हणालीय. पुढच्या ऑगस्टपर्यंत तू मशीनवर परत बसलेली असशील.

तू डिसेंबरची तारीख घे, मी ऑगस्ट मागते. तुझी तारीख कळेपर्यंत मी बाईंच्या दारात पाय ठेवणार नाही. बाईंनी महिनाअखेरपर्यंतच मुदत दिलीय. दगड जातील ते तुझ्यामुळे जातील, हे तुला चालत असेल तर बस तशीच.

ही धमकी आहे. मी ती तुझ्याकडूनच शिकले.

झिपरी

१६ ऑक्टोबर

झिपरे,

तारीख घेतली. अकरा डिसेंबर. डॉक्टरला इतका आनंद झाला की मला वाटलं मला पेढाबिढा देतो की काय. दिली नुसती चिठ्ठी.

एकदाच लिहिते, परत विचारायचं नाही. भीती वाटत होती. दुसऱ्याचं कापायची मला सवय आहे, आपलं कापून घ्यायची नाही. झालं, विषय संपला.

जा, सही घे.

आजी

ता. क. बाईंचा कोट आलाय. कापड उत्तम, शिवणारा गाढव.

९ जानेवारी

आजी,

पोचले सुखरूप. आत्याचा काल फोन आला. म्हणाली, तू काठी दाराशी उभी करून तिच्यावर गिऱ्हाइकाचा शर्ट टांगलास. काठी टेकायला असते. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस का? ‘इस्त्री करताना पाय हलतोच की’ हा व्यायाम नव्हे, आत्याने मला सगळं सांगितलंय. तिच्या पोटात काही राहत नाही याचा मला आता फार फायदा होतो.

दवाखान्यातल्या त्या नर्सबाई अजून माझ्या डोळ्यासमोर आहेत. शुद्धीवर आल्या आल्या तू त्यांना म्हणालीस की झग्याच्या मागच्या नाड्या चुकीच्या जागी लावल्यात, आणि घरी सोडायच्या दिवशी अख्ख्या मजल्याचे झगे तुझ्या पलंगावर येऊन पडले होते. शेजारच्या पलंगावरच्या काकू मला म्हणाल्या, या पेशंट आहेत की कंत्राट घेऊन आल्यात?

बाईंना कोट दिला. त्यांनी तो तिथेच अंगात घातला, हात वर केले, खाली केले, आणि पहिल्यांदा मला त्यांचे दात दिसले. माझं नाव परदेशासाठी पक्कं झालंय. ऑगस्टात तिकडे, आणि परत आले की तंबू. दगड आणि इतिहास, दोन्ही मुख्य. इतिहासवाल्या मॅडमनी कुरकुर केली, दगडवाल्या सरांनी सही करताना वर बघितलंसुद्धा नाही, पण मान्यता दोघांची आहे.

व्यायाम कर.

झिपरी

२८ जुलै

झिपरे,

सोबत कोट आहे. तिकडे थंडी असते म्हणतात. गेल्या वेळी आलीस तेव्हा माप घेतलं होतं आणि तू वकिलांसारखं पोट आत ओढलं होतंस. मी बघितलं, बोलले नाही. टेपवर आलं त्याहून थोडा मोठाच बेतलाय, शिवाय दोन्ही कुशींना आत कापड दुमडून ठेवलंय. अंगाने भरलीस तर कुशीचा टाका उसवायचा आणि पुढच्या खुणेवर घालायचा. खुणा खडूने केल्यात. ब्लेडने कापू नकोस, सुईने एकेक टाका सोडव. खिसे मुद्दाम दुहेरी कापडाचे केलेत. तू त्यात काय भरणार आहेस ते मला माहीत आहे.

मशीनवर आता दिवसभर बसते. नवा गुडघा जुन्यापेक्षा बरा चालतो, पण त्याला अजून वळण नाही, मध्येच कुरकुरतो. त्याला दटावते.

निरोप द्यायला विमानतळावर कुणी यायचं नाही असं मी घरात सांगितलंय. रडारड मला जमत नाही आणि दुसऱ्याची बघवत नाही. तुझा बाप येईल तर येऊ दे, तो कुणाचं ऐकतो?

पोचलीस की लिही. आणि झोपत जा.

आजी

१९ ऑक्टोबर

आजी,

कोट उसवला. डाव्या कुशीचा टाका सोडवायला एक अख्खा रविवार गेला, उजव्या कुशीला सुई बोटात गेली, पण तुझ्या खडूच्या खुणेवर नीट बसलाय. सुरुवातीला मला इथे काही गिळवत नव्हतं. माणसं भरभर बोलायची आणि मी मान डोलवायची. हे तुला तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितेय, कारण आता मी तिघींचं जेवण एकटी संपवते आणि भांडतेसुद्धा. खिसे भरलेत.

तुझ्या कोर्टाच्या पायऱ्यांचं उत्तर मिळालं. गेल्या आठवड्यात आम्हाला इथे असंच एक जुनं कोर्ट दाखवायला नेलं. खाली काळा, वर पिवळा. पिवळा दगड मऊ असतो, त्यावर नक्षी छान उठते, पण जमिनीतली ओल तो पिऊन घेतो आणि कुजतो. म्हणून बांधणारे खाली काळा कठीण दगड घालतात. ओल वर चढत नाही आणि पाय घासून तो झिजत नाही. आपल्या कोर्टाचा काळा दगड कुठल्या खाणीतला हे मात्र इथे बसून कळणार नाही. तंबूचं काम आपल्याकडच्याच डोंगरांत आहे. जानेवारीत हातोडी घेऊन बघते.

झिपरी

३ नोव्हेंबर

झिपरे,

खाली काळा कठीण आणि वर पिवळा मऊ, एवढंच ना? हे तुझ्या आजोबांचा आणि माझा फोटो बघूनही कळलं असतं. बरं झालं, तुझा तक्ता आता आरशाजवळून काढते. तिथे गिऱ्हाइकांना आरसा दिसत नव्हता.

काल पत्र पिशवीत टाकून मुद्दाम कोर्टात गेले. काळ्या पायऱ्या चढले, पिवळ्या चढले, कुठे टेकले नाही. वरून वकील बघत उभे होते. म्हणाले, आजी, तुम्ही तर धावतच आलात. मी म्हटलं, नवी पँट शिवायची आहे ना, द्या माप इथेच. पिशवीतून टेप काढली. त्यांनी सवयीने पोट आत ओढलं. मी टेप धरून उभी राहिले. मला आता उभं राहायला त्रास होत नाही. शेवटी त्यांनाच दम लागला आणि त्यांनी सोडलं.

माप मिळालं. तू ये.

तुझी आजी